येतो रे

१

भावोजी सापडले ते शनिवारी दुपारी चार वाजता, स्कीच्या बंद उताराखालच्या घळीत, बर्फात. डावा पाय नको तिथून वाकलेला, एक हातमोजा काढून छातीवर ठेवलेला, आणि डोळे वर, जिथून कुणी येईल त्या बाजूला. वरच्या कडेला ‘पुढे जाऊ नये’ असा दोर बांधलेला होता आणि तो जसाच्या तसा होता. म्हणजे माणूस दोराखालून वाकून गेला होता. साठीचा, गुडघे दुखणारा, जन्मात कधी रांग न मोडलेला माणूस!

रविवारी सकाळी त्या भाड्याच्या लाकडी घरात सहा माणसं एकमेकांची तोंडं चुकवत बसली होती. बाहेर पांढरं, आत काळवंडलेलं. सहल कुणाच्या डोक्यातून निघाली त्याचं नाव आता कुणी घेत नव्हतं, कारण ती भावोजींच्याच डोक्यातून निघाली होती. ‘निवृत्त झालो, आता एकदा स्की शिकणार, सगळ्यांना घेऊन जाणार,’ असं त्यांनी वर्षभर घोकलं होतं.

मावशी खिडकीशी बसली होती. ती ताईची धाकटी बहीण. घरची, दारची, येणारी-जाणारी सगळी तिला मावशीच म्हणत, अगदी तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. तीस वर्षं तिनं कोर्टात लघुलेखिकेची नोकरी केली होती. साक्षीदार बोलायचे, मावशीची पेन्सिल पळायची. तीस वर्षांत तिला एकच गोष्ट पक्की कळली होती: माणसं शब्द सांगत नाहीत, अर्थ सांगतात. ‘तो मला धमकावत होता’ असं म्हणतात. काय म्हणाला ते विचारलं की निघतं, ‘बघून घेईन.’

ताई, म्हणजे भावोजींची बायको, हातातला कप तसाच धरून बसली होती. काका, म्हणजे भावोजींचा धाकटा भाऊ, पाय टॉवेलात गुंडाळून कण्हत होते. “बोटं बधिर आहेत अजून,” ते म्हणाले. “ओलेगच्च बूट घालून दादाला शोधायला पळालो. यंत्रावर जागा असती तर निदान सुके तरी असते.” बूट वाळवायचं ते यंत्र तळघरात होतं. गरम हवेच्या दोन खुंट्या-जोड्या, म्हणजे दोनच माणसांच्या बुटांची सोय. त्यावरून पहिल्या दिवसापासून थट्टा चालायची. आज कुणी हसलं नाही.

डॉक्टर, भावोजींचे शाळेपासूनचे मित्र, पाठ करून उभे होते. आणि इंजिनिअर चुलीसारख्या त्या लोखंडी शेगडीत लाकडं घालत होता. इंजिनिअर म्हणजे मनीनं निवडलेला मुलगा. पूल बांधायचा. शांत, हुशार, न मागता भांडी घासणारा. मनी ही भावोजींची एकुलती एक.

आणि मनी जिन्याच्या पायरीवर बसली होती. कालपासून तिनं पाण्याचा घोट घेतला नव्हता. पोलीस अधिकारी आला तेव्हा ती फक्त एक वाक्य बोलली होती. “बाबा माझ्यामुळे गेले.”

अधिकाऱ्यानं ते लिहून घेतलं. आज संध्याकाळी पाचला तो कागद घेऊन परत येणार होता, सगळ्यांच्या सह्या घ्यायला. मनी त्याखाली सही करणार, आणि जन्मभर ते वाक्य वागवणार, हे मावशीला दिसत होतं.

२

शुक्रवारी संध्याकाळी जेवताना काय झालं ते सगळ्यांनी ऐकलं होतं.

लग्नाचा विषय निघाला. भावोजी ‘बघू’ म्हणाले. ते दोन वर्षं ‘बघू’ म्हणत होते. मनीचा बांध फुटला. “बघू काय, बाबा? दोन वर्षं तो आपल्या घरी येतोय. तुमची खिडकी दुरुस्त करतो, तुम्हाला दवाखान्यात नेतो, आणि तुम्ही अजून त्याला ‘अहो, बसा’, ‘अहो, घ्या’ करता! दारावर आलेल्या परक्या माणसासारखं!”

“सवय आहे माझी,” भावोजी म्हणाले.

“खोटं! डॉक्टरकाकांना अरे म्हणता. काकाला अरे म्हणता. घरच्या माणसांना तुम्ही कधीच अहो म्हणत नाही. तुम्हाला तो आमच्यात नकोच आहे. तुम्ही नसता ना, तर बरं झालं असतं!”

बोलून गेली आणि तिचं तिलाच कळलं. भावोजींनी पान तसंच ठेवलं, हात धुतले आणि झोपायला गेले. सकाळी ती दार लावून बसली. आणि दुपारी चारला ते घळीत सापडले.

“आता तूच सांग मावशी,” मनी पुटपुटली, “बाबांना दोर दिसला नसेल का? रांग न मोडणारा माणूस दोराखालून का जाईल?”

मावशीनं तिच्या केसांवरून हात फिरवला. तो प्रश्न बरोबर होता.

ती उठून डॉक्टरांजवळ गेली. “ते लगेच गेले का हो?”

डॉक्टरांनी आधी ताईकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. “ताईंना सांगू नका. पाठीखालचा बर्फ वितळून परत गोठला होता. अंगाच्या उबेनं. मांडीचं हाड मोडलं होतं, पण डोक्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. दोन-तीन तास जिवंत होता तो, मावशी. कुणी वेळेवर पोचलं असतं ना...”

मरायला निघालेला माणूस वाट बघत पडतो का?

३

ती ताईजवळ येऊन बसली आणि तिच्या हातातला गार कप काढून घेतला.

“ताई, काल सकाळचं मला परत सांग. तू वर होतीस ना?”

“वर केस वाळवत होते. दहा वाजले असतील. मनी तिच्या खोलीत. तुम्ही तिघं आठलाच गेला होतात, आणि इंजिनिअर साडेनऊच्या बसनं गावात औषध आणायला जाणार होता. खाली दार वाजलं आणि हे ‘येतो’ म्हणून गेले. मी उत्तरसुद्धा दिलं नाही गं. वाटलं, फुरंगटलेत, जाऊ देत थोडं.” ताईचा हुंदका फुटला. “शेवटचं मला ‘येतो’ म्हणाले, आणि मी गप्प बसले!”

“ताई, तुला ‘येतो’ म्हणाले?”

“मग कुणाला?”

“काय म्हणाले ते सांग. जसंच्या तसं. आवाज कसा होता, तोही.”

ताईनं डोळे मिटले. तीस वर्षांच्या सवयीनं मावशीचं बोट मांडीवर पेन्सिलीसारखं हललं.

“‘येतो रे,’” ताई म्हणाली. “मोठ्यानं. ‘येतो रे!’”

“रे?”

ताईनं डोळे उघडले.

पस्तीस वर्षांच्या संसारात भावोजींनी बायकोला ‘रे’ कधी म्हटलं नव्हतं. तिला ‘येतो गं’. मनीलाही ‘येतो गं’. आणि घरात तेव्हा या दोघीच होत्या. मग ‘रे’ कुणाला? एकच शब्द, पण दोन अर्थाचा. निघताना माणूस ‘येतो’ म्हणतो, आणि कुणी बाहेरून हाक मारली तरी ‘येतो’च म्हणतो. भावोजी कुणाचा निरोप घेत नव्हते. ते कुणाला तरी उत्तर देत होते.

दाराबाहेर कुणीतरी त्यांची वाट बघत उभं होतं. आणि त्या माणसानं कालपासून अवाक्षर काढलं नव्हतं.

४

या घरात भावोजी ‘अरे’ म्हणायचे अशी माणसं दोनच. भाऊ आणि मित्र. स्की शिकवणाऱ्याला ते ‘अहो मास्तर’ म्हणत आणि तो तर सकाळभर लहान मुलांच्या वर्गात शिट्ट्या फुंकत होता. आजूबाजूला दुसरं घर नव्हतं.

काकांचा प्रश्न मावशीला स्वतःलाच सोडवता आला. ती शनिवारी उताराच्या पायथ्याशी, काचेच्या चहाच्या खोलीत विणकाम घेऊन बसली होती आणि काका तिच्या डोळ्यांसमोर दर पाच मिनिटांनी पडत होते. इतक्या नियमानं की तिनं टाके मोजायचे सोडून त्यांची पडझड मोजली होती. दहा ते अकरात अकरा वेळा. अकरा वेळा पडणारा माणूस त्याच वेळी बंद उतारावर जाऊन येऊ शकत नाही.

डॉक्टरांचं तसं नव्हतं. ते तारेवरच्या पाळण्यानं वर गेले होते आणि बराच वेळ खाली आलेच नव्हते.

मावशीनं त्यांना तळघरात गाठलं. स्कीच्या जोड्या भिंतीला टेकवलेल्या होत्या. भावोजींची जोडी पोलिसांनी नेली होती. तेवढी जागा रिकामी होती आणि तिकडे कुणी बघत नव्हतं.

“काल दहा ते अकरा तुम्ही कुठे होतात?”

डॉक्टर लालबुंद झाले. “माझ्यावर संशय घेता? पन्नास वर्षांचा मित्र तो माझा!”

“म्हणूनच विचारते. ते तुम्हाला ‘येतो रे’ म्हणाले असते.”

डॉक्टर खुर्चीत बसले, नव्हे, कोसळले. दोन्ही हात पुढे केले. बोटं थरथरत होती. “पाळणा मधे थांबतो ना, तिथे खानावळ आहे. तिथे बसलो होतो. चार पेले झाले. मी सोडली असं त्याला वचन दिलं होतं, वर्ष झालं. बाई म्हणाली, आता बंद करा, आणि पाळण्यापर्यंत हात धरून सोडायला आली. विचारा तिला. मावशी, मी शुद्धीत असतो तर तो आला नाही हे माझ्या लवकर लक्षात आलं असतं. हे मी कुणाला सांगू?”

मावशीनं खानावळीला फोन लावला. पलीकडची बाई खरखरीत आवाजात म्हणाली, हो, ते डॉक्टर ना, पावणेदहा ते अकरा इथेच होते, एक हातमोजाही विसरून गेलेत.

झालं. दोनच ‘अरे’ होते आणि दोन्ही सुटले. मावशी अंधुक तळघरात एकटी उभी राहिली. चुकलं कुठे? ताईनं चुकीचं ऐकलं असेल का? दुःखात माणूस नसलेलं ऐकतो, हेही तिनं कोर्टात पाहिलं होतं.

निघताना तिचा हात त्या वाळवणीच्या यंत्राला लागला. दोन खुंट्या-जोड्या. तिनं हात मागे घेतला, आणि तशीच थबकली.

५

शनिवारी बर्फात कोण कोण गेलं होतं? काका, डॉक्टर, भावोजी. भावोजींचे बूट त्यांच्या पायातच होते. मनी खोलीत. मावशी आणि ताई स्कीच्या वाटेला जात नव्हत्या. इंजिनिअर बसनं गावात. म्हणजे एक वाजता जेवायला सगळे परतले तेव्हा ओले बूट आले ते दोनच जोड्या. जागा दोन. मग काकांच्या बुटांना यंत्रावर जागा का मिळाली नाही?

ती जिना चढून काकांकडे गेली. “काल तुम्ही बूट ठेवायला खाली गेलात तेव्हा यंत्रावर कुणाचे होते?”

“एका खुंटीवर डॉक्टरनं घातले ना, माझ्या आधी पळत जाऊन. दुसरीवर आधीच होते कुणाचे तरी. काळे. मी म्हटलं, असतील कुणाचे.” काका वैतागले. “सगळे बूट काळेच!”

“ओले होते?”

“खाली थेंब पडत होते की!”

मावशी हळूहळू आपल्या खुर्चीत येऊन बसली. शेगडीपाशी इंजिनिअर राख काढत होता. बसनं गावात गेलेल्या माणसाचे स्कीचे बूट ओले झाले होते. बूट सांगत होते, तोच. शब्द सांगत होता, तो नव्हेच. त्याला तर ते ‘अहो’ म्हणायचे. दोन वर्षं, अगदी शुक्रवारच्या जेवणापर्यंत.

शुक्रवारच्या जेवणापर्यंत.

आणि मग तिला कळलं. आधी कळलं, मग अंगावर काटा आला, आणि मग तिला रडू आलं. कारण दोन्ही गोष्टी खऱ्या असायच्या तर एकच मार्ग होता.

तिनं मनीकडे पाहिलं. पायरीवर गुडघ्यांत डोकं घालून बसलेलं पोर. सांगितलं तर एक ओझं उतरणार होतं आणि दुसरं बसणार होतं. न सांगावं का? साडेचार वाजले होते. पाचला अधिकारी येणार, आणि मनी सही करणार. मावशीनं मनातल्या मनात भावोजींची माफी मागितली आणि घसा साफ केला.

“सगळे जरा इथे या.”

सगळे आले. इंजिनिअर मनीच्या शेजारी, एक पायरी खाली बसला. त्यानं तिचा हात हातात घेतला. कालपासून तो तिला सारखं एकच सांगत होता, तुझी काही चूक नाही, तुझी काही चूक नाही. मावशीला वाटलं होतं, किती गुणाचा मुलगा.

“बाळ,” तिनं त्याला विचारलं, “शुक्रवारच्या जेवणानंतर तुझी आणि भावोजींची गाठ पडली नाही ना?”

“नाही मावशी. मी सकाळी उठून बसनं गावात गेलो.”

“वाटलंच.” मावशीनं सुस्कारा सोडला. आता जे बोलायचं ते तिच्या जिभेवर जड झालं होतं. “म्हणजे मनी म्हणते तेच खरं. भावोजी गेले ते शेवटपर्यंत तुला परकाच समजत गेले. आपला म्हणून त्यांनी तुला कधी एक शब्द म्हटला नाही.”

“नाही,” मनी म्हणाली. “कधीच नाही.”

“असं नका म्हणू!” इंजिनिअर ताडकन उभा राहिला. त्याचा चेहरा वेडावाकडा झाला होता. “ते मला अरे म्हणाले होते! मला ‘तू’ म्हणाले होते!”

शेगडीतलं लाकूड फुटल्याचा आवाज झाला.

मनीनं मान वर केली. “कधी?”

६

तो खाली बसला. मग बोलला ते सगळं एका दमात, जमिनीकडे बघत.

शनिवारी नऊ वाजता भावोजी स्वयंपाकघरात एकटेच होते. त्याला पाहून म्हणाले, बस रे. रात्रभर डोळा लागला नाही. पोरगी बरोबर बोलली. मला वाटायचं, तुला अरे म्हटलं की ती गेलीच माझ्या घरातून, म्हणून दोन वर्षं जीभ आवरली. आता नाही आवरत. चल, मला तो वरचा उतार दाखव, खाली आल्यावर तिला आपण दोघं मिळून सांगू.

“बस सोडली मी. स्की बाहेर काढल्या आणि हाक मारली. ते ‘येतो रे’ म्हणाले. मला इतका आनंद झाला होता... दोराखालून मीच नेलं. जवळचा रस्ता आहे म्हटलं. ते नको म्हणत होते. मग म्हणाले, तू आहेस ना बरोबर, मग चल. कडेला त्यांचा तोल गेला.”

“मग?” हे मनीनं विचारलं. अगदी हळू.

“शुद्धीत होते. पाय मोडला होता. मला म्हणाले, घाबरू नकोस, जा, कुणाला तरी घेऊन ये. तिथे फोन लागत नव्हता. मी धावत घरी आलो. वर तू रडत होतीस. आईंना सांगत होतीस, मी बाबांना नको ते बोलले. फोन माझ्या हातात होता. आणि मला वाटलं, आता सगळे म्हणतील, यानंच केलं. काल भांडण, आज हे. मी बूट काढले. म्हटलं, गस्तीवाले तिथून जातातच, त्यांना दिसतील. साडेअकराच्या बसमध्ये बसलो. बस सुटली तेव्हा वाटलं, उतरावं. मग वाटलं, आता उशीर झाला. प्रत्येक वेळी वाटत होतं, आता उशीर झाला.”

“दोन वाजेपर्यंत उशीर झाला नव्हता,” डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. काका टॉवेल टाकून उठले होते, मूठ वळलेली, आणि ती कुठे मारावी ते न कळून तसेच उभे होते. ताई रडतही नव्हती.

“त्यांना काय सांगून निघालास?” मावशीनं विचारलं. तिला ते ऐकायचं नव्हतं. पण तीस वर्षांची सवय. “जसंच्या तसं सांग.”

इंजिनिअरनं तोंड हातांत लपवलं. “‘येतो हं, बाबा.’”

छातीवर काढून ठेवलेला तो हातमोजा मावशीला आठवला. हात मोकळा हवा होता भावोजींना, कुणी वरून डोकावलं तर हलवायला. आणि डोळे वर, जिथून कुणी येईल त्या बाजूला. कुणी नव्हे. हाच.

पाचला अधिकारी आला. आधीचा कागद फाडला गेला, नवा लिहिला गेला, मावशीनं सांगितला तसा, शब्दन् शब्द. मनीची त्यावर सही लागलीच नाही. ती जिन्यावरून उठून खाली आली, ताईच्या शेजारी बसली आणि दोन दिवसांत पहिल्यांदा तिनं पाणी मागितलं. मावशीनं पेला भरून दिला. मनीनं तो दोन्ही हातांनी धरला, लहानपणी धरायची तसा.

“मावशी, बाबा मला सांगणार होते?”

“सांगणार होते गं. खाली आल्यावर.”

बाहेर उजेड मावळत होता. अधिकारी दार उघडून उभा राहिला. गार हवा आत आली. इंजिनिअरनं कोट चढवला. उंबऱ्यापाशी तो वळला. त्याला काही म्हणायचं होतं आणि सुचत नव्हतं, आणि घराबाहेर पडताना माणसाच्या तोंडून जे आपोआप निघतं तेच त्याच्या तोंडून निघालं.

“येतो.”

मनीनं पेला खाली ठेवला.

“‘जातो’ म्हण,” ती म्हणाली.